गादीखालची पट्टी: वॉर्डात चौदा महिने वापरल्यावर

आमच्या मेल मेडिकल वॉर्डात बत्तीस कॉट आहेत. रात्री दोन स्टाफ नर्स, एक मावशी, एक वॉर्डबॉय. आरएमओ, म्हणजे रात्रीचा ड्यूटी डॉक्टर, एकच, तोही तीन मजल्यांना मिळून. मुंबईच्या पूर्व उपनगरातलं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. करार चालू असल्यामुळे हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही आणि कंपनीचंही नाही. नर्सिंगमध्ये मला चोवीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा या वॉर्डाची इनचार्ज म्हणून. चौदा महिन्यांपूर्वी आमच्या सोळा कॉटना पेशंट बिघडायच्या आधी इशारा देणारी यंत्रणा बसवली. ती घ्यावी का, हे विचारायला गेल्या दोन महिन्यांत चार ठिकाणच्या सिस्टरांचे फोन आले. ड्यूटीवर असताना फोनवर अर्धवटच सांगून होतं, म्हणून सगळं इथे लिहिते.

वस्तू अशी आहे. गादीखाली, छातीच्या पातळीवर एक पातळ पट्टी सरकवतात. पेशंटच्या अंगाला काही चिकटवायचं नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अख्खं शरीर किंचित हलतं, श्वासाबरोबर छाती वरखाली होते. ती थरथर पट्टी पकडते आणि त्यावरून नाडी आणि श्वास मोजते. सॅच्युरेशनसाठी, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे ते बघायला, बोटाची क्लिप वेगळी. बी.पी. आणि टेम्परेचर आम्हीच घेतो आणि टॅबमध्ये भरतो. पेशंट नीट शुद्धीवर आहे का, ऑक्सिजन चालू आहे का, हेही आम्हीच भरायचं. सगळ्याची बेरीज होऊन स्कोअर येतो आणि नर्सिंग स्टेशनच्या स्क्रीनवर ती कॉट हिरवी, पिवळी नाहीतर लाल दिसते.

स्कोअरची पद्धत कंपनीची स्वतःची नाही, हे घेणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. असा पहिला तक्ता १९९७ साली इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथच्या डॉक्टरांनी मांडला. पुढे २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं सगळ्या देशासाठी एकच तक्ता ठरवला, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, आणि २०१७ मध्ये तो सुधारला. आम्ही त्याला नुसतं ‘न्यूज’ म्हणतो. श्वास, सॅच्युरेशन, बी.पी., नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ऑक्सिजन लावलेला असेल तर वरती दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीनं येऊन बघायचं, सात झाली की इमर्जन्सी. हा तक्ता कागदावर छापून भिंतीला लावला तर त्याला एक रुपया भाडं लागत नाही. म्हणजे पैसे आपण मोजण्याचे देतो, गणिताचे नव्हे.

आणि मोजण्यातच आम्ही कमी पडत होतो, हे मी स्पष्ट लिहिते. जुने टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे, चार्ट काढून बघा. ताप बदलतो, नाडी बदलते, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २०. मी स्टाफ नर्स असतानाही असंच लिहिलंय. एका पेशंटचा श्वास नीट मोजायचा तर पूर्ण मिनिट त्याच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. बत्तीस पेशंटना बत्तीस मिनिटं. त्यात कुणाचं सलाइन संपलेलं असतं, कुणाला पॉट हवं असतं, कॅज्युअल्टीतून नवीन ॲडमिशन वर येत असते. मिनिट कुणाजवळच नसतं. पण बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा श्वासातच दिसते. १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता. वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचे केस पेपर मागे जाऊन तपासले, तर ८४ टक्के पेशंटच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत काहीतरी बिघडत असल्याची नोंद होती. म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि तरीही हृदय बंद पडलं. ते वाचल्यावर मला आमच्या वॉर्डातले दोन-तीन चेहरे आठवले. अजून आठवतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची एक रात्र सांगते. नऊ नंबरला एक आजोबा होते, ६८ वर्षांचे, मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केलेले. डायबेटिस, प्रोस्टेटचा त्रास, लघवीची नळी. संध्याकाळच्या राउंडला ठीक होते, सूनबाईंनी आणलेली मुगाची खिचडी खाल्ली होती. त्या आठवड्यात माझ्याकडे नाइट सुपरव्हिजन होतं. दोन वाजून चाळीस मिनिटांनी स्क्रीनवर नऊ नंबर पिवळा झाला. श्वास मिनिटाला २४, नाडी १०६. मी गेले. आजोबा डोळे मिटून पडले होते. विचारलं तर म्हणाले, “काही नाही बाई, तुम्ही जा, दुसऱ्यांना बघा.” मी तशीच उभी राहून घड्याळावर श्वास मोजला. २७. बी.पी. १०८ वर ७०, सॅच्युरेशन ९४, ताप ३८.४ सेल्सिअस, नाडी तोवर ११२. बेरीज आठ.

आरएमओला फोन लावला. तो चौथ्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेला. मी म्हटलं, “डॉक्टर, नऊ नंबर, न्यूज आठ, श्वास २७, संध्याकाळी १८ होता, नळीतून येणारी लघवी गढूळ आहे.” पाच मिनिटांत तो खाली आला. रक्त कल्चरला गेलं, अँटिबायोटिक बदललं, सलाइन जोरात सुरू झालं आणि चारच्या सुमारास आजोबांना आयसीयूत हलवलं. लघवीच्या मार्गानं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. नवव्या दिवशी ते चालत घरी गेले. पट्टी नसती तर सहाच्या टीपीआरपर्यंत त्यांच्याकडे कुणी मुद्दाम गेलं नसतं, कारण संध्याकाळी ते ठीक होते आणि शेजारचा दहा नंबर रात्रभर ओरडत होता. शांत पडलेला पेशंट वॉर्डात मागे राहतो. त्याच्याकडे बघायला लावणं हे या वस्तूचं खरं काम आहे, आणि त्यासाठी माझं तिला पूर्ण मत आहे.

त्याच रात्रीची एक गोष्ट मात्र कंपनीच्या कुठल्याही रिपोर्टात नाही. दीड वाजता आमच्या मावशी मला म्हणाल्या होत्या, “सिस्टर, नऊ नंबरच्या आजोबांची चादर घामानं भिजलीय, बदलू का?” मी “बदला” म्हणाले आणि पुढे गेले. मावशी वीस वर्षं चादरी बदलतायत, घामाघामातला फरक त्यांना कळतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलनं १९९० मध्ये पहिली मेडिकल इमर्जन्सी टीम सुरू केली, म्हणजे वॉर्डात पेशंट बिघडतोय असं दिसलं की धावून येणारी टीम. अशा टीमला बोलवायच्या कारणांत तिकडे ‘कर्मचाऱ्याला पेशंटची काळजी वाटते’ एवढं एक कारणही धरतात. आकडा नसला तरी चालतो. आमच्या यंत्रणेत ते बटण नव्हतं. मी तीनदा पत्र लिहिल्यावर कंपनीनं ‘काळजी’ असा एक चौकोन टाकून दिला. तो दाबला की स्कोअर काहीही असो, कॉट पिवळी होते. आता मावशीही तो दाबतात, मीच त्यांना शिकवलं.

तक्रारींमध्ये सगळ्यात गंभीर गोष्ट आधी. जुलैच्या पावसात एका रात्री आमच्या मजल्याचं वायफाय पडलं. स्क्रीन बंद झाली असती तर बरं झालं असतं. ती चालू राहिली आणि शेवटचे आकडे दाखवत राहिली. सोळा कॉट हिरव्या, सगळं छान. आमच्या एका स्टाफ नर्सच्या लक्षात आलं की बारा नंबरचा पेशंट बाथरूममध्ये गेलाय आणि स्क्रीनवर त्याची नाडी ७८ दिसतेय. पन्नास मिनिटं आम्ही शिळ्या आकड्यांच्या भरवशावर होतो. काही विपरीत घडलं नाही, हे आमचं नशीब. दुसऱ्या दिवशी मी मेट्रनबाईंबरोबर कंपनीच्या माणसासमोर बसले आणि हे दुरुस्त होईपर्यंत एकही नवीन कॉट जोडायची नाही असं सांगितलं. सव्वा महिना गेला. आता पाच मिनिटं आकडा आला नाही तर कॉट राखाडी होते आणि बीप वाजते. तुम्ही कुठलीही यंत्रणा घ्या, डेमोच्या वेळी तिची केबल स्वतःच्या हातानं काढा आणि स्क्रीन काय करते ते बघा.

दुसरं, गादी. बेडसोर होऊ नये म्हणून आम्ही हवेचा अल्फा बेड लावतो. त्याचा पंप सारखा फुरफुरत असतो, आणि आमच्याकडे त्या कॉटवर श्वासाचे आकडे भरकटायचे. म्हणजे जे पेशंट सगळ्यात अंथरुणाला खिळलेले, त्यांच्यावरच पट्टी कुचकामी. त्यांचा श्वास आम्ही अजून हातानंच मोजतो. व्हिजिटिंग अवर्समध्ये कॉटवर दोन-दोन नातेवाईक बसतात, कुणी पाय चेपतं, तेव्हाचे आकडेही सोडून द्यावे लागतात. नाडी अनियमित असलेल्या पेशंटची पट्टीची नाडी आणि मनगटावरची नाडी जुळत नाही, तिथे मी मनगटाचीच धरते.

बीपचं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस हाल झाले. माझ्या वहीत पहिल्या सोमवारच्या रात्री त्रेपन्न इशारे लिहिलेत. त्यातले सहा असे होते की जाऊन काही करावं लागलं. तिसऱ्या रात्री पोरींनी आवाज बारीक केला. मी रागावले नाही. दर दहा मिनिटांनी उगाच वाजणाऱ्या वस्तूचा आवाज माणूस ऐकेनासा होतो. हे फक्त आमचं दुखणं नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक नावाच्या मोठ्या कंपनीचं सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनणं) ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात तपासलं गेलं, २०२१ मध्ये त्याचा निकाल छापून आला. सेप्सिस झालेल्या पेशंटपैकी ६७ टक्के त्यानं ओळखलेच नव्हते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के पेशंटवर इशारे वाजवले होते. याउलट, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात कायझर पर्मनंटेच्या हॉस्पिटलांत इशारा थेट वॉर्डात वाजत नाही. लांब बसलेल्या अनुभवी नर्स आधी चार्ट वाचतात आणि गरज वाटली तरच वॉर्डाच्या टीमला फोन करतात. त्यांचे आकडे २०२० मध्ये आले, तिथे मृत्यू कमी झाले होते. कॅनडात टोरांटोच्या सेंट मायकल्स हॉस्पिटलातल्या चार्टवॉच या इशारा देणाऱ्या यंत्रणेचा निकालही २०२४ मध्ये आला, अनपेक्षित मृत्यू २६ टक्क्यांनी कमी. या दोन्ही ठिकाणी इशारा आल्यावर कुणी उठायचं आणि किती वेळात पोचायचं, हे आधी ठरवलेलं होतं.

आमच्याकडे लांब बसायला वेगळ्या नर्स कुठून येणार? तरी जमेल तेवढं केलं. पिवळा इशारा रात्री वाजत नाही, फक्त दिसतो, आणि दर तासाला एकजण स्क्रीनसमोर उभी राहून पिवळ्या कॉट वाचते. लाल वाजतो, आणि त्याच वेळी नाइट सुपरवायझरच्या फोनवर जातो. इशाऱ्यांची संख्या रात्रीला आठ-दहावर आली. त्यातल्या निम्म्यांना तरी काहीतरी करावं लागतं. आता बीप वाजली की पोरी उठतात.

इशारे कमी होण्याचं अजून एक कारण तांत्रिक आहे, पण नर्सनी ते समजून घ्यावंच. दमा-सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) जे जुने पेशंट कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं असतं. न्यूजच्या सुधारित तक्त्यात त्यांच्यासाठी सॅच्युरेशनची वेगळी मोजपट्टी आहे. ती सेटिंगमध्ये इतकी आत दडवलेली होती की पहिला महिनाभर असे पेशंट विनाकारण लाल दिसत राहिले. डॉक्टरांच्या सहीनं ती वेगळी मोजपट्टी लावायला लागलो आणि एका पहाटे तिचा उलटा उपयोग झाला. विक्रोळीचे एक काका एक लिटर ऑक्सिजनवर होते. कॉट लाल झाली म्हणून गेलो, तर सॅच्युरेशन ९८. ऐकायला छान आकडा. पण त्या मोजपट्टीवर, ऑक्सिजन चालू असताना, ९८ ला पूर्ण तीन गुण आहेत. काका गुंगीत होते. नवऱ्याला धाप लागतेय असं वाटून काकूंनी मायेनं ऑक्सिजनच्या फ्लोमीटरमधली प्रवाह दाखवणारी गोळी पाच लिटरवर चढवली होती. मी त्यांना काही बोलले नाही. ऑक्सिजन खाली आणला, डॉक्टरांना बोलावलं, आणि नंतर काकूंना जवळ बसवून समजावलं की यांच्या फुप्फुसांना जास्त ऑक्सिजन बाधतो.

आता जिथे ही यंत्रणा चुकली ती जागा. मुंबईत पावसाळ्यानंतर वॉर्ड डेंग्यूनं भरतो. सतरा नंबरला भांडुपचा बावीस वर्षांचा मुलगा होता, घरोघर पार्सल पोचवणारा. चौथ्या दिवशी ताप ३९.४, नाडी ११२, बी.पी. ११० वर ७६, स्कोअर पाच. पाचव्या दिवशी दुपारी ताप उतरला, ३७. आई खूश, देवाला नारळ बोलली. स्क्रीनही खूश. नाडी ९८, श्वास २०, सॅच्युरेशन ९८, बी.पी. १०४ वर ८६. स्कोअर दोन, कॉट हिरवी.

मी सहज त्याच्या हातावर हात ठेवला तर बोटं गार, ओलसर. नख दाबून सोडलं, रंग परत यायला चार सेकंद. “सिस्टर, पोटात दुखतंय,” म्हणाला. सकाळपासून लघवी नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात, रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागतं. वरचं बी.पी. टिकून राहतं, खालचं चढतं आणि दोघांतलं अंतर आवळत येतं. १०४ मधून ८६ गेले, राहिले १८. वीस किंवा त्याखाली आलं की शॉकची तयारी समजायची. न्यूज फक्त वरचं बी.पी. बघतो, खालच्याला त्यात जागाच नाही, आणि उतरलेल्या तापाला तो बरं होणं समजतो. तक्त्याला मी दोष देणार नाही. तो सगळ्या आजारांसाठी केलेला आहे, एकट्या डेंग्यूसाठी नाही. मी कन्सल्टंटना थेट फोन केला. हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) चढलेलं निघालं, मापून मापून सलाइन दिलं, दर तासाला मी आणि एक स्टाफ नर्स आलटून पालटून बी.पी. घेत राहिलो. रात्री साडेअकराला त्याला लघवी झाली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले.

त्या दिवसापासून जून ते नोव्हेंबर आमच्या वॉर्डात डेंग्यूच्या प्रत्येक कॉटवर पिवळा कागद लावलेला असतो. त्यावर दोन्ही बी.पी.मधलं अंतर, हातपाय गार की गरम, आणि लघवी किती. स्क्रीन हिरवी असली तरी कागद भरायचाच. हे अंतर यंत्रणेत आपोआप काढायची मागणी मी कंपनीकडे केली आहे. वजाबाकीच तर आहे.

कंपनीनं वरच्या दराचं एक पॅकेजही दाखवलं होतं. त्यात एआय पुढच्या काही तासांचा धोका टक्क्यांत सांगतं. महिनाभर फुकट वापरून आम्ही ते परत केलं. आरएमओला झोपेतून उठवताना “श्वास १८ वरून २७ झाला” म्हटलं की त्याला पुढचं सुचतं. “मशीन ७२ टक्के म्हणतंय” म्हटलं की तो विचारतो, कशामुळे? आणि स्क्रीनवर त्याचं उत्तर नसतं. हे मॉडेल कुठल्या पेशंटांवर शिकवलंय, त्यात आपल्याकडचे डेंग्यू-लेप्टोचे किती, असं मी डेमोत विचारलं होतं. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. ते येईल तेव्हा परत बघू.

सर्व्हिस चांगली आहे, माणूस फोन उचलतो, पट्टी बिघडली तर दोन दिवसांत बदलून देतात. मराठी स्क्रीन आहे, पण भाषांतर वाचवत नाही. पोरी इंग्रजीच वापरतात.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. मी फाइलवर ‘चालू ठेवावा, उरलेल्या सोळा कॉटही जोडाव्यात’ असं लिहून सही केलीय आणि तीन अटी घातल्यात. बी.पी.मधलं अंतर स्क्रीनवर दिसलं पाहिजे. वॉर्डाचं वायफाय जनरेटरच्या लाइनवर घेतलं पाहिजे. आणि बत्तीस कॉट जोडायच्या असतील तर रात्री दुसरा आरएमओ पाहिजे, कारण एकाच वेळी दोन कॉट लाल झालेल्या मी तीनदा बघितल्यात. पहिली अट कंपनीनं लेखी मान्य केली. वायफायची वायर परवा इलेक्ट्रिशियन ओढून गेला. दुसऱ्या आरएमओची फाइल ट्रस्टींकडे आहे, सोमवारी मेट्रनबाईंबरोबर मी त्यासाठी जाणार आहे.